सापडलं ते ठिकाण

सदानंद लिमये यांच्या जाण्याने छत्तीसगडचा हजारो वर्षांचा इतिहास पोरका झाला, असं शोकसभेत सांगण्यात आलं. सांगणारे गृहस्थ चांगले वक्ते आहेत आणि इतिहास पोरका होणं ही घटना त्यांच्या भाषणांत वर्षातून चार-पाचदा घडते. पुढच्याच वाक्यात त्यांनी लिमयांच्या दुर्मिळ नाण्यांच्या संग्रहाचा गौरवाने उल्लेख केला. लिमयांकडे नाणी नव्हती. दगड होते. पहिल्या रांगेत बसलेल्या लिमयांच्या पत्नीने, कुमुदवहिनींनी, माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघांनीही माना खाली घातल्या. शोकसभेत ते शोभूनही दिसलं.

बातमी त्याच्या पंधरवडाभर आधी आली होती. लिमयाच्या मुलाचा, निखिलचा, फोन. "अंकल, पापा नहीं रहे." निखिलला मराठी सगळं कळतं, पण बोलायची वेळ आली की तो हिंदीत उतरतो, इथल्या आमच्या सगळ्यांच्याच मुलांचं तसं आहे. मी "कधी रे?" म्हणून विचारलं, तो म्हणाला, "सुबह, चाय के बाद." चहा झाल्यावर गेला हे ऐकून मला जरा बरं वाटलं. चहाच्या आधीचा लिमये फार चिडका असे.

रेल्वेच्या एकाच ऑफिसात, समोरासमोरच्या टेबलांवर आम्ही नोकऱ्या काढल्या. तो नागपूरहून आलेला, मी भंडाऱ्याकडचा. राज्य नवं झालं आणि रायपूर एकदम राजधानी झालं, तेव्हा सगळं शहर वर बघायला लागलं. कमानी उभ्या राहिल्या, चौकाचौकांत होर्डिंगं लागली, काल-परवापर्यंत पानाच्या टपरीवर उभी राहणारी माणसं पांढऱ्या गाड्यांतून हात हलवायला लागली. लिमये तेवढा खाली बघत होता. दर रविवारी सकाळी स्कूटर काढायची, मला मागे बसवायचं आणि शहराबाहेर, जिथे नवी राजधानी वसणार होती त्या बाजूच्या शेतांत जायचं. नांगरट झालेली असावी, एखादी सर येऊन माती धुतली गेलेली असावी आणि ऊन तिरपं असावं. मग तो हात पाठीमागे बांधून, सासऱ्यांसमोर आलेल्या जावयासारखी मान खाली घालून, नांगराच्या तासातासाने शेत पालथं घालायचा. अधूनमधून वाकायचा. उचलायचा तो नखाएवढा, फार तर अंगठ्याएवढा दगडाचा तुकडा: गारगोटीचा, चकमकीचा, कधी दुधी, कधी गुळासारख्या रंगाचा. एका कडेला बोट लावून बघायचा आणि म्हणायचा, "मेश्राम, बघ. अजून धार आहे." हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी मोठ्या दगडावर घाव घालून ती पाती काढलेली. ती लाकडात बसवून माणसं शिकार करत, कातडी सोलत, कंद कापत. माझी दाढीची पाती आठवड्यात बोथट होत, त्यामुळे मी त्याच्या बोलण्याकडे निदान आदराने बघायचो.

शेतातली माणसं विचारायची, "का खोजत हव बाबूजी, मुंदरी गंवा गे हे का?" अंगठी हरवली म्हणून सांगितलं असतं तर सगळा पारा, म्हणजे सगळी वस्ती, शोधायला लागला असता. लिमये खरं सांगायचा, दगड शोधतो म्हणून. त्यावर कुणाचाच विश्वास बसायचा नाही. त्या दिवसांत पँट घातलेला माणूस शेतात खाली बघत फिरला, तर तो जमीन मोजायला आलेला सरकारी माणूस असणार, हेच लोक धरून चालत. एका म्हातारीने तर त्याला चहा पाजून सांगितलं, की तिचं शेत सगळ्यात वाईट आहे, तेवढं सोडून द्या.

घरी आल्यावर दगड धुवायचे, वाळवायचे आणि प्रत्येकावर तो कुठे सापडला ते लिहायचं. त्यासाठी गोल बाजारातून बिनरंगाचं नेलपॉलिश आणायचा. दगडाच्या कमी महत्त्वाच्या बाजूला नेलपॉलिशचा एक पातळ हात, तो वाळला की बारीक निबाने काळ्या शाईची अक्षरं, वरून पुन्हा एक हात. अक्षरं एवढी बारीक की भिंगाशिवाय वाचता येऊ नयेत. दुकानदार एकदा म्हणाला, "भैया, भाभी के लिए लाल ले जाओ, ये तो दिखता ही नहीं." लिमये म्हणाला, "इसीलिए तो." या लिहिण्यात त्याचा एक हट्ट होता. आपल्याला जिथे सापडला तेच लिहायचं. मी एकदा त्याला रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगात सापडलेला तुकडा दिला. मुरूम कुठल्या शेतातून आला हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने लिहिलं, "मुरूम ढीग." म्हणाला, "शेतात तू पाहिलास का? नाही ना. मग..."

त्याच्या आयुष्यातली मोठी गोष्ट म्हणजे एक शेत. भाठ्याचं, म्हणजे इथल्या लाल, खडकाळ, कोदोशिवाय काही न पिकणाऱ्या जमिनीचं. तिथे एका बैठकीएवढ्या जागेत त्याला एक लिंबाएवढा घाव घातलेला दगड सापडला आणि पुढच्या काही महिन्यांत त्याच्याच रंगाच्या सहा कपच्या. एके दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्याने त्या माझ्यासमोर एकेक करून दगडाला लावल्या. सगळ्या बसल्या. फुटलेली कपबशी जुळावी तशा. एका बाजूला खाच तेवढी राहिली, एक कपची अजून सापडायची होती. मी म्हटलं, "जुळलं ब्वा. मग?" तो म्हणाला, "मग म्हणजे? एखादं पातं वाहत येऊ शकतं. पण दगड आणि त्याच्याच कपच्या एका ठिकाणी, याचा अर्थ कुणीतरी तिथे बसून हे केलं. उठून गेला, आणि तेव्हापासून ते कुणी हलवलेलं नाही." मी त्याच्या डब्यातलं लोणचं घेत होतो. ते मी तसंच हातात धरून राहिलो, एवढं आठवतं.

त्या शेतावरून नव्या राजधानीचा रस्ता आखलेला होता. खुंट्या ठोकून झाल्या होत्या. लिमयाने महाराष्ट्रातल्या पुरातत्त्वाच्या एका प्राध्यापकांना गाठलं. ते गणपतीनंतर येतो म्हणाले. हा जोड त्यांनी पाहिला, वर दोन शब्द लिहून पाठवले, तर बुलडोझरच्या आधी निदान एक हिवाळा त्या जागी खोदून बघता येईल, अशी त्याची आशा होती. सात दगडांसाठी राजधानी थांबेल असं मला वाटत नव्हतं आणि मी तसं बोललोही होतो. "राजधानी नको थांबू दे," तो म्हणाला, "रस्ता थोडा वळला तरी चालेल." फोटो काढून ठेव म्हटलं, तर उरलेली कपची सापडल्यावर काढू म्हणाला. प्राध्यापक यायचे म्हणून त्याने जोडाला लागलेला जुना गोंद धुऊन काढला आणि सातही तुकडे एका ताटलीत घालून मागच्या नळापाशी वाळत ठेवले.

लिमयांकडे खड्याच्या गौरी. मुखवटे नाहीत, मूर्ती नाहीत. घरच्या बाईने पाणवठ्यावर जायचं, तोंडात पाण्याची चूळ धरायची, सात खडे उचलायचे आणि न बोलता, मागे न बघता घरी येऊन ते पाटावर मांडायचे. शंकर नगरातल्या त्यांच्या घरामागे तलाव होता, वहिनी दरवर्षी तिथूनच खडे आणत. त्या वर्षी तलावाचं सुशोभीकरण झालं होतं. काठाला फरशा, वर कठडा, बसायला सिमेंटचे बाक. खडा औषधालाही नाही. वहिनींनी चूळ भरलेली, त्यामुळे कुणाला काही विचारायची सोय नाही. तशाच घरी आल्या. नळही पाणवठाच. नळापाशी धुतलेल्या ताटलीत सात स्वच्छ, चकचकीत खडे, मोजून सात. आपल्यासाठीच कुणीतरी काढून ठेवलेत असं त्यांना वाटलं, आणि त्यात त्यांची काही चूक आहे असं मला अजूनही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मला जेवायचं आमंत्रण होतं. आमच्या घरी गौरी नाहीत, गणपती नाहीत. पण घावन-घाटल्याशी माझं वैर नव्हतं. पंगतीतल्या बायका म्हणत होत्या, "यंदा गौरी फारच देखण्या हो, कुमुदताई." हात धुवायला गेलो तर लिमये नळापाशी उभा.

"मेश्राम, पाटावर पाहिलंस?"

"काय?"

"सातही आहेत."

मी पुन्हा आत जाऊन पाहून आलो. हळद-कुंकवाखाली ओळखू येत होते. मोठा दगड मधोमध, कपच्या भोवतीने.

"मग उचल ना बे," मी म्हटलं. "कोणी तुले अडवून राहिलं का?"

"तिने पूजा केलीय त्यांची."

"तू कुठं देव मानतं?"

"मी नाही मानत. ती मानते."

"त्यांच्या जागी दुसरे ठेव मग. बाहेर गिट्टीचा ढीग पडून आहे."

"बायकोला गिट्टी पुजायला लावू?"

"अरे मग सांग तरी तिले!"

"सांगितलं तर ती लगेच काढून देईल," तो म्हणाला. "आणि मग दरवर्षी गौरी मांडताना तिला तेच आठवेल..." त्याने नळ घट्ट बंद केला. तो तसाही गळत नव्हता.

तिसऱ्या दिवशी विसर्जनाला तो वहिनींबरोबर तलावावर गेला. आल्यावर मला म्हणाला, कठड्यावरून टाकले, गाळ खोल आहे. पुढच्या आठवड्यात प्राध्यापक आले. लिमयाने बाकीचे दगड दाखवले, जोडाबद्दल तोंडी सांगितलं. तो कुठे गेला हे सांगितलं नाही. प्राध्यापक सज्जन होते. "सुंदर आहेत," ते म्हणाले, "पण सुटे आहेत." दिवाळीच्या सुमारास शेत सपाट झालं. आता तिथून रुंद रस्ता जातो, दुभाजकावर बोगनवेल आहे आणि प्राचीन छत्तीसगडमध्ये आपलं स्वागत करणारं एक होर्डिंग आहे. लिमये त्या रस्त्याने बरेचदा गेला. चांगला रस्ता आहे म्हणायचा.

रविवारचं फिरणं त्याने सोडलं नाही. वर्षं गेली, शेतं लांब लांब जात राहिली, आम्ही रिटायर झालो, स्कूटर गेली, मग तो बसने जायचा. त्या सात दगडांचा विषय त्याने काढला नाही, म्हणून मीही काढला नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. दगडांचं काय करायचं ते ठरवायचं होतं. एका कॉलेजात शिकवणारी मुलगी ते घ्यायला तयार आहे. सगळ्यांवर ठिकाणं लिहिलेली आहेत म्हणून तिला विशेष आनंद झाला. साड्यांच्या आणि मिठाईच्या खोक्यांतून दगड काढून आम्ही टेबलावर मांडत होतो. निखिल म्हणाला, "इतने सारे! मुझे लगा दो-चार होंगे." सगळं झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "एक राहिलाय," आणि स्वयंपाकघरात गेल्या. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी तो बाहेर काढला. लिंबाएवढा, गुळाच्या रंगाचा.

"विसर्जन झालं की काठावरचा एक खडा घरी आणून धान्यात ठेवायचा, अशी आमची पद्धत," त्या सांगायला लागल्या. "त्या वर्षी काठावर खडा कुठला? आणि हे सोबत आलेले. संसारात कधी विसर्जनाला आले नाहीत ते त्या दिवशी काहून आले, हा विचार करत मी चालले होते. कठड्यापाशी त्यांनी ताटलीकडे पाहिलं ना, तेव्हा कळलं मला. पण निघालेल्या गौरी परत कशा न्यायच्या, सांगा? म्हणून मोठा मुठीत ठेवला, बाकीचे सोडले. म्हटलं, विचारतील तेव्हा देईन. ते विचारतच नाहीत! मग मलाही सांगवेना... त्यांना बिचाऱ्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं."

मी दगड हातात घेतला. तांदळाचं पीठ लागून पांढुरका झाला होता, पण खालच्या बाजूला एका जागी चकाकत होता. त्या सात तुकड्यांवर लिमयाने तेव्हा काही लिहिलं नव्हतं; जोड पूर्ण झाल्यावर लिहू म्हणायचा. मी त्याचं भिंग मागून घेतलं. नेलपॉलिशच्या दोन थरांमध्ये काळ्या शाईची बारीक अक्षरं होती. शेताचं नाव नव्हतं. लिहिलं होतं, "घर, तांदूळ डबा."

वहिनींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं आहे, म्हणून मी ते वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग माझ्या हातातून दगड घेतला, पदराने पुसला आणि इतका वेळ पुसत राहिल्या की निखिल आतून पाणी घेऊन आला. त्याने पाणी ठेवलं आणि मराठीत म्हणाला, "आई, हा नको देऊ."

दगड परत डब्यात गेला. तो असला की धान्य टिकतं, अशी लिमयांच्या घरात पूर्वापार समजूत आहे. तांदळाला सोंडे लागले आहेत.