सीमारेषेवरची नाव

तात्या कचेरीत आले की आधी पाणी मागायचे. एक घोट घ्यायचे आणि उरलेल्या पाण्यात बोट बुडवून ते टेबलावरच्या नकाशावर टेकवायचे. "हितं हाय बगा." नकाशावर डाग पडायचा, आमचे साहेब करवादायचे आणि तात्या धोतराच्या सोग्यानं पुसायला जाऊन आणखी वाटोळं करायचे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला दारात पाहिलं की कारकून चहाला उठतात. सुरुवातीला मीही उठायचो. मी परभणीला मोजणीच्या कामावर होतो. शेतांच्या हद्दी काढायच्या आणि दोन भावांच्या मध्ये उभं राहून दोघांच्याही शिव्या खायच्या, हा माझा धंदा. तात्यांकडं तर शेतच नव्हतं. ते पाथरीच्या पुढच्या, गंगेकाठच्या एका खेड्यातले भोई. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. त्यांना मोजून हवी होती पाण्याखाली बुडालेली एक नाव.

पूल नव्हता तेव्हा तात्यांचे वडील लोकांना पलीकडं न्यायचे. पलीकडचा काठ दुसऱ्या जिल्ह्याचा. एका बाजाराच्या दिवशी नाव बुडाली. दोन्ही गावांची माणसं गेली, वडीलही गेले. मागं एवढाच बोल उरला की भोयानं कुजकी नाव पाण्यात घातली. तात्या तेव्हा सात वर्षांचे होते. त्या बोलापायी जवळपासच्या कुणी त्यांना मुलगी दिली नाही. लग्न झालं ते पार लांबच्या, बातमी न पोचलेल्या गावात.

मग म्हातारपणी, एका कोरड्या उन्हाळ्यात, बंधाऱ्यातलं पाणी खाली गेलं. अडकलेलं जाळं सोडवायला तात्यांनी बुडी मारली आणि नाव हाताला लागली. मागचा भाग वाळूत पुरलेला, फळ्या शाबूत. पुढचं टोक मात्र फुटून दगडी पायऱ्यांत रुतलेलं. कुठल्यातरी जुन्या काळचा घाट पाण्याखाली गडप झाला होता आणि नाव त्यावर आदळली होती. नाव कुजकी नव्हती, हे सरकारी कागदावर यावं, एवढंच तात्यांचं मागणं. घाट जुना आहे, पुराणवस्तूवाले बघतील, त्यांचंही काम होईल, असं ते मलाच समजावून सांगायचे.

एका रविवारी मी नुसता बघायला म्हणून गेलो आणि अडकलो. नंतर सात-आठ रविवार आम्ही तिघं ते काम करत होतो. या काठावर यंत्र घेऊन मी, मधे होडीत तात्या आणि पलीकडच्या काठावर बांबू धरून एक चाचा. चाचांचे वडील त्याच नावेत गेले होते. लहानपणापासून या दोघांनी एकमेकांना बहुतेक पाण्यावरूनच पाहिलेलं. तात्या दोरीला वजन बांधून सोडायचे आणि ओरडून खोली सांगायचे, "दोन परस!" परस म्हणजे हात वर केलेल्या माणसाची उंची. पलीकडून चाचा तोच आकडा परत ओरडायचे, मी ऐकला नसेल म्हणून. एखाद्या वेळी दोघांचा आकडा जुळायचा नाही, मग मला तसंच सोडून ते अर्धा तास भांडायचे. एवढ्या आनंदात मोजणी करणारी माणसं मी नोकरीत पाहिली नाहीत.

नकाशा तयार झाला. घाटाच्या चौदा पायऱ्या, नाव, तिचं टोक, सगळं जागच्या जागी. मग मी त्यावर जिल्ह्याची हद्द आखली. हद्द नदीच्या मधोमध जाते. रेघ नावेच्या बरोबर आडवी गेली. मागचा भाग आमच्या जिल्ह्यात आणि फुटलेलं टोक पलीकडच्या.

तात्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "सायेब, नाव जराशी अलीकडं सारता न्हाई का येत? चार हात?"

मी त्यांना भाषण दिलं. आता आठवलं की लाज वाटते. नकाशात एक हात खोटा झाला की सगळा नकाशा खोटा, पुरावा म्हणजे पुरावा, असं बरंच काही.

"बराबर हाय," तात्या म्हणाले. "खोटं नको. खोटं लय झालं."

पुढं काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. प्रत्येक कचेरी आपल्या हद्दीतलंच घेते, म्हणून मी नकाशाचे दोन कागद केले. आमच्याकडचे म्हणाले, मोडतोड पलीकडं आहे, त्यांना विचारा. पलीकडचे म्हणाले, नाव तुमच्या गावची, आमचा संबंध नाही. शेवटी दोघांनी मिळून पाहणी करायचं ठरलं. पहिल्या तारखेला आमचे लोक गेले, पलीकडचे आले नाहीत. दुसऱ्या तारखेला ते आले, आमचे निवडणुकीच्या कामावर. तिसऱ्या तारखेला वरच्या धरणातून पाणी सोडलेलं. तिन्ही वेळा तात्या इस्त्रीचा सदरा घालून होडीत उभे होते आणि पलीकडं चाचा बांबू धरून.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बंधारा पार आटला आणि वाळूवाले आले. निम्मे इकडचे, निम्मे तिकडचे. त्यांची यंत्रं एकाच खड्ड्यात उतरली, टिप्पर दोन्ही काठांनी भरून गेले, हद्दीवरून एक शब्द झाला नाही. दोन जिल्ह्यांचं असं सहकार्य मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मी अर्ज केले, तात्या यंत्रापुढं जाऊन उभे राहिले, त्यांना दंडाला धरून बाजूला बसवलं गेलं. पाचव्या दिवशी नाव तर नाहीच, पायऱ्याही राहिल्या नाहीत.

तात्या फुटक्या फळीचा तुकडा घेऊन कचेरीत आले. लाकडाला कीड नाही, नख मारून बघा, म्हणाले. मी नख मारलं. लाकूड खरोखर टणक होतं. पण फळी कुठली, कशी पडली होती, हे आता कुणी सांगू शकत नव्हतं आणि तेही मलाच त्यांना सांगावं लागलं. त्यांनी वाद घातला नाही. त्या दिवशी त्यांनी पाणीही मागितलं नाही. पुन्हा ते आले नाहीत.

हिवाळ्यात ते गेले. दहाव्याला मी गेलो, नदीकाठीच विधी होता. चाचा पुलावरून वळसा घालून आले होते आणि इतक्या जवळून या काठाला बघताना अवघडल्यासारखे उभे होते. माझ्या शेजारी गावातला एक म्हातारा बसला होता. तो मला ओळखत नव्हता. मी परगावचा आहे असं बघून त्यानं माहिती दिली.

"माणूस गरीब होता. पर ह्याच्या बापानं कुजक्या नावंत माणसं घालून बुडवली."

"नाव कुजकी नव्हती," मी म्हणालो.

"कशावरून?" त्यानं विचारलं. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

घरी कपाटात दोन कागद होते आणि त्यांच्यावर दोन्ही जिल्ह्यांपैकी कुणाचीच सही नव्हती. पुढ्यातल्या नदीत पाण्याखाली नुसते खड्डे होते. चाचा माझ्याकडं बघत होते, मी काय सांगतो ते ऐकायला. थोडा वेळ वाट बघून तो म्हातारा त्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या माणसाला तीच गोष्ट पहिल्यापासून सांगू लागला.