दमलेला कापूस आणि आमचा ब्लॉग

दुपारपासून कामात लक्ष नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो.

आर्णीत आमचं गादीचं दुकान आहे. कापसाच्या गावातही लोक आता फोमवर झोपतात, म्हणून मी दुकानाचा ब्लॉग सुरू केला. वाचणारे तुम्ही पंधरा-वीस जण, गिऱ्हाईक एकही नाही. बाबांना वाचता येत नाही. ते म्हणायचे, "कायले बोटं झिजवून राह्यला?"

मागच्या महिन्यात काही सुचेना, तेव्हा बाबांचंच बोलणं उतरवलं. "जुना कापूस फेकू नका. तो मरत नाही, दमते. पिंजून घ्या, ऊन दाखवा." नव्या गाद्या विकणाऱ्यानं असं लिहावं का, असं नंतर वाटलंही.

आज एक बाई थेट नांदेडहून एसटीनं आल्या. सोबत त्यांच्या आईची जुनी गादी, आणि पर्समध्ये त्या लेखाची प्रिंट. "नवी नको, हीच पिंजून द्या." एवढ्या चार ओळींसाठी माणूस एवढा प्रवास करतो?

बाबांनी कागद हातात धरला, मग त्यांनाच परत दिला. "वाचून दाखव बरं, माय." स्वतःचंच बोलणं ते डोळे मिटून ऐकत राहिले.

बाई गेल्यावर मला म्हणाले, "बस इथं. उशीचं सांगतो, लिहून घे."

उशीबद्दल वाचाल ना?