एक तक्रार आणि शनिवारचा वर्ग

आयर्लंडमधल्या सिटीवेस्टच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मला शंख पहिल्यांदा ऐकू आला तो दोन हजार वीसच्या एप्रिलात. लॉकडाऊन होता, घरापासून दोन किलोमीटरच्या पुढे जायची बंदी होती. नवरा बेडरूममध्ये मीटिंगला, मुलगी हॉलमध्ये शाळेला आणि मी ओट्यावर लॅपटॉप ठेवून एकीकडे सॉफ्टवेअरचं टेस्टिंग आणि दुसरीकडे कुकरच्या शिट्ट्या मोजत. त्यात हा शंख. मला वाटलं, झालं, डोक्यावर परिणाम झाला आपल्या.

दुसऱ्या दिवशी परत वाजला तेव्हा मास्क लावून खाली गेले. तळमजल्यावरच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि मी तोंड उघडायच्या आतच ती बाई सॉरी म्हणाली. त्रास होत असेल तर उद्यापासून वाजवणार नाही म्हणाली. मी म्हटलं, अगं बाई, मी तक्रार करायला नाही आले, कोण आहे ते बघायला आले. शेजारच्या आयरिश आजोबांनाही तिने आधीच विचारून ठेवलं होतं आणि ते 'ग्रँड', म्हणजे काही हरकत नाही, म्हणाले होते, तरी तिला खात्री नव्हती.

ती बांगलादेशातली. हिंदू. इथल्या एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, नर्स, नवरा दूर कॉर्क शहरात औषधांच्या कारखान्यात, येईल तेव्हा येईल. तिला हिंदी सिरियल बघून येत होती आणि माझी हिंदी अस्सल पुण्याची, त्यामुळे आम्ही दोघी जे बोलायचो ते ऐकून खऱ्या हिंदीवाल्याने कानावर हात ठेवले असते. ती मला दीदी म्हणायला लागली. आमच्या घरात तिचं नाव 'खालची' असंच पडलं आणि तिलाही ते आवडायचं.

लग्न झालेल्या बंगाली बायका घालतात तसे शंखाचं पांढरं कडं आणि लाल बांगडी तिच्या हातात असायची. गावाकडे बसमध्ये बसलं की ओढणी मनगटावर ओढून घ्यायची तिची सवय. कोणी मारतं म्हणून नाही, ती म्हणायची, कोणी बघू नये म्हणून. नर्सिंग होममध्ये कामावर जाताना दोन्ही काढून लॉकरमध्ये ठेवावं लागायचं. मला तिडीक आली. म्हटलं, धर्माची गोष्ट आहे, सांगून बघ की त्यांना. ती हसली. म्हणाली, इथे सगळ्यांचंच मनगट मोकळं लागतं, आयरिश बाईच्या अंगठ्यासुद्धा काढायला लावतात. सगळ्यांना लावतात ना, मग मला काही वाटत नाही. हे तिचं वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकून सोडून दिलं.

तिचे बाबा रोज व्हिडिओ कॉलवर भेटायचे. लहान गावातले निवृत्त शिक्षक, नागरिकशास्त्राचे. माझ्याशी सावकाश, शिस्तीतलं इंग्रजी बोलायचे. आमच्या संविधानात देश सर्वधर्मांना समान मानतो असंही लिहिलंय आणि राष्ट्राचा धर्म कुठला तेही लिहिलंय, असं त्यांनी मला सांगितलं होतं. चाळीस वर्षं मी मुलांकडून दोन्ही पाठ करून घेतलं, म्हणाले, फक्त परीक्षेत दोन्ही एकत्र कधी विचारत नाहीत. आणि मग मिश्कीलपणे विचारायचे, तुमच्याकडे कसं आहे? मी छाती काढून सांगायचे, आमच्याकडे तसलं काही नाही. आता आठवलं की लाज वाटते.

त्यांनी इकडे कायमचं राहायला यावं म्हणून खालची मागे लागली होती. व्हिसाचा अर्ज भरून तिने प्रेसमध्ये ठेवला होता. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि दीड वर्षात तिच्याही तोंडात ते बसलं होतं. प्रेस उघडला की ताटांच्या वर तो अर्ज. बाबांची सही तेवढी बाकी. पण बाबा ऐकत नव्हते. "बघायला येईन, राहायला नाही," म्हणायचे. "मी इथे पाहुणा नाही."

एकवीसच्या ऑक्टोबरात, दुर्गापूजेच्या दिवसांत, तिकडे बऱ्याच ठिकाणी मंडप फोडले गेले. बाबांच्या शाळेच्या गल्लीतलाही फुटला. पूजेच्या समितीचे सेक्रेटरी तेच. खालची दोन दिवस फोनला चिकटलेली, ड्युटीवर जायची ती रडून सुजलेल्या डोळ्यांनी. आणि तिसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला तर माणूस चक्क खुशीत! आधी मला वाटलं धक्क्याने असेल. पण तसं नव्हतं. ते पोलीस ठाण्यात जाऊन आपल्या हाताने तक्रार लिहून आले होते आणि त्यांच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी साक्षीदार म्हणून खाली सह्या केल्या होत्या. एकाचं औषधांचं दुकान, दुसरा कचेरीत कारकून. दोघेही मुसलमान, दोघांनीही डोळ्यांनी बघितलेलं, आणि दोघेही न बोलावता आलेले.

मला इंग्रजीत म्हणाले, मूर्ती काय, पुढच्या वर्षी परत करू. पण अन्याय झाला की नागरिकाने तक्रार करायची, हे मी चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलं आणि ते माझ्या दोन मुलांच्या लक्षात राहिलं. पुढच्या आठवड्यात पोलीस त्या दोघांचे जबाब घेणार होते. ते एकदा झालं की मग व्हिसाचं बघू, असंही लेकीला म्हणाले. म्हणजे सगळं त्या दोन जबाबांवर येऊन थांबलं होतं.

आणि इथे मी शहाणपणा केला.

आमच्या मराठी मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. लॉकडाऊनमध्ये सगळं त्यावरच चालायचं, गणपतीची आरती, ढोकळ्याच्या ऑर्डरी, कोणाला कुठे भाड्याने घर मिळतंय ते. मला वाटलं, यांना कळायला हवं, इथे बसून निदान निषेध तरी करू. खालची ड्युटीवरून येऊन माझ्या स्वयंपाकघरात बसली होती, डोळे उघडे राहत नव्हते तिचे. मी रेकॉर्डिंग सुरू करून फोन पुढे धरला, म्हटलं, जे झालं ते बोल. ती म्हणाली, दीदी, बाबांना विचारू का आधी? मी म्हटलं, त्यात काय विचारायचं! मग ती बोलली, आमच्या त्या हिंदीतच. तीन-चार मिनिटं. गावाचं नाव, गल्लीचं, बाबांचं, सगळं. मध्येच म्हणाली, हे लोक आम्हाला कधी सुखाने जगू देणार नाहीत. मग जरा थांबली, पाणी प्यायली, आणि त्या दोन विद्यार्थ्यांचं सांगितलं, सह्यांचं, बाबा किती खूश आहेत ते.

ते शेवटचं मी कापलं.

वाईट हेतूने नाही हो. मेसेज लांब होत होता, लोक ऐकत नाहीत. आणि वीस वर्षांची सवय माझी. टेस्टिंगवाल्या माणसाला एकच शिकवतात, रिपोर्टमध्ये जे मोडलंय तेवढंच लिहायचं, जे नीट चालतंय ते लिहून वाचणाऱ्याचा वेळ खायचा नाही. मी तसंच केलं. वर मराठीत चार ओळी लिहिल्या, खाली 'पुढे पाठवा' लिहिलं, ग्रुपवर टाकलं आणि मूळ रेकॉर्डिंग फोनमध्ये जागा अडवतंय म्हणून पुसूनही टाकलं. अशी मी व्यवस्थित बाई.

पुढे पाठवा म्हटल्यावर आपली माणसं किती तत्पर असतात! तासाभरात ग्रुपवर रांग लागली. हात जोडलेले, संतापलेले, आणि मग एकाने लिहिलं, आपल्याकडेही हेच होणार, यांना वेळीच ओळखा. त्याखाली अंगठ्यांचा खच. मी काही लिहिलं नाही. अंगठाही दिला नाही, हे स्वतःला नंतर बरेचदा सांगितलं.

त्या ग्रुपमध्ये एक रत्नागिरीकडच्या बाई होत्या. मुसलमान. लॉकडाऊन लागल्यापासून दर शनिवारी सकाळी झूमवर आमच्या मुलांचा मराठीचा वर्ग त्या घ्यायच्या, एक पैसा न घेता. मुलंही त्यांना 'बाई'च म्हणायची. माझी मुलगी, जिला मी मराठीत काही विचारलं तर आयरिश हेल काढून 'आय नो, मॅम' म्हणते (इथे आईला मॅम म्हणतात), ती बाईंसमोर मात्र 'ळ' घोटवून घोटवून म्हणायची. संध्याकाळी ग्रुप उघडला तर त्या अंगठ्यांच्या खाली बारीक करड्या अक्षरांत आलं होतं, बाईंनी ग्रुप सोडला. मी ते वाचलं. उद्या फोन करू म्हटलं. उद्या ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज होता, परवा मुलीचं दुखणं. नाही केला.

चौथ्या दिवशी खालची वर आली. बस म्हटलं तर बसली नाही. कोट तसाच अंगावर, दाराशीच उभी. तो मेसेज फिरत फिरत तिच्या कोलकात्याच्या मावसभावाकडे गेला होता आणि तिथून तिच्या गावात. आता त्यावर कोणीतरी भलत्याच ठिकाणच्या आगीचे फोटोही चिकटवले होते. औषधाच्या दुकानाशी लोक जमले, ज्या सरांसाठी तू साक्ष देतोस त्यांची मुलगी परदेशातून आपल्या सगळ्यांना काय म्हणते ते ऐक म्हणाले. ऐकवलं. दोघेही जबाबाला गेले नाहीत.

हे सगळं तिने सपाट आवाजात सांगितलं आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "दीदी, शेवटचं कुठे गेलं? मी त्यांच्या सह्यांचं बोलले होते."

कापलं म्हणून सांगितलं. तोंडात मारून घ्यावंसं वाटत होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती मान हलवत राहिली, नर्सिंग होममधल्या म्हाताऱ्यांसमोर हलवत असेल तशी.

मग माझी धावपळ. ग्रुपवर लिहिलं, कृपया तो मेसेज काढा, पुढे पाठवू नका. तर मलाच शिकवायला लागले, खरं बोलायला घाबरता कशाला म्हणून. मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला, ते म्हणाले, अहो ताई, भावना असतात लोकांच्या. खालचीने सगळं नव्याने रेकॉर्ड करून बाबांना पाठवलं, दोन्ही विद्यार्थ्यांची माफी मागून. बाबा ते घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने पूर्ण ऐकलं, चहा मागवला आणि म्हणाला, सर, माझा विश्वास आहे, पण मला या गल्लीत दुकान चालवायचंय. बाबांनी हे सांगताना त्याच्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. त्याच्या घरी धीर द्यायला कोणी गेलं नाही ना, म्हणाले, एकटा माणूस किती तग धरणार.

त्या शनिवारी मुलगी खालचीकडे बसली होती. आज वर्ग नाही का, असं खालचीने तिला विचारलं. बाई येतच नाहीत, मागच्या शनिवारीही नव्हत्या, मुलगी म्हणाली. मी आणायला गेले तेव्हा खालचीने मला सगळं विचारून घेतलं. कोण बाई, का सोडला ग्रुप, कुठे राहतात. मी सांगत गेले आणि सांगतानाच माझा आवाज बारीक होत गेला.

"तू फोन केलास?" तिने विचारलं.

मी म्हटलं, त्यांना कोणी काही बोललेलं नाहीये गं, त्यांच्याबद्दल कोणाच्या मनातही नाही.

"आमच्या गावातपण सगळे बाबांना हेच सांगतात," ती म्हणाली. "सर, तुमच्याबद्दल कोणाच्या मनात काही नाही. आणि फोन कोणी करत नाही."

त्या दिवशी दुपारी गेले. बाई लुआसच्या, म्हणजे इथल्या ट्रामच्या, दोन स्टॉप पलीकडे राहतात, चालत अर्धा तास. बारीक पाऊस होता आणि मी मुद्दाम चालत गेले, म्हणजे पोचायला उशीर व्हावा. त्यांनी दार उघडलं, आत घेतलं, टॉवेल दिला, चहा टाकला. सगळं रीतसर. मी माफी मागायला लागले तर हाताने थांबवलं.

"त्या मास्तरांची हकिगत ऐकून मला रडू आलं होतं," त्या म्हणाल्या. "निषेधाचं पत्र काढलं असतंत तर पहिली सही मी केली असती. मला कोणी विचारलंच नाही. खाली ते 'यांना ओळखा' आलं, आणि मला वाटलं, आता एखादी तरी म्हणेल, अहो, आपल्या बाई आहेत इथे. मी दिवसभर फोन हातात धरून बसले होते."

मी विचारलं, वर्ग परत घ्याल का. म्हणाल्या, "मुलांवर माझा राग नाही. पण मी तिथे पाहुणी आहे हे मला माहीत नव्हतं, आता कळलं. पाहुण्याने वर्ग घ्यायचा नसतो."

चहा संपवून मी निघाले. परत आले तर खालची बाहेरच, सायकलींच्या शेडपाशी उभी होती. बोलल्या का, तिने विचारलं. हो म्हटलं. काय म्हणाल्या? मी सांगितलं. तिने ऐकलं, मला आत नेलं, प्रेस उघडला आणि ताटांवरचा तो अर्ज काढून माझ्यासमोर ठेवला. सकाळीच बाबांचा फोन आला होता. राहायलाच येतो, कुठे सही करायची ते दाखव, असं ते म्हणाले होते.