दोघांसाठी एक फळा

संगणकावर दिलेला रंग वाळायची वाट बघणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच असणार, आणि तो राजारामपुरीत माझ्या बायकोचा मामा म्हणून राहतो. मामांनी उभी हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवली. अक्षरांची रेघ मामांची आणि आतला रंग त्यांचे जोडीदार उस्मानचाचा यांचा, हा दोघांचा नेम. दोन्ही एकाच हातानं केलं तर पाटी मुकी राहते, अशी त्यांची श्रद्धा. फ्लेक्स आले आणि कामं गेली, तरी हे दोघे रोज दुपारी जुन्या पत्र्यावर काहीतरी रंगवत बसायचे. मग अर्धांगाच्या झटक्यात चाचांचा उजवा हात गेला. मुलानं त्यांना शाहूवाडीकडच्या गावी नेलं, आणि तिथं ते कोणाशी बोलेनासे झाले. यावर मामांनी स्वतःच उपाय शोधला. "पावणं, दोन गावांत बसून एकाच फळ्यावर चित्र काढता येतंय म्हणं. तसला फळा बघा की."

मी संगणकातला माणूस, त्यामुळे आयताच सापडलो. ओपन सोर्स फळे बरेच आहेत, फुकट असतात, त्यांची आतली सगळी रचनाही जगाला उघडी असते, असं मी सांगितलं. मामांनी खिडकीबाहेर बघितलं. "म्हंजे रंग कसा कालवलाय ते बी सांगत्यात? आमच्या धंद्यात सख्ख्या भावाला सांगत न्हाईत." देशोदेशी आपापले डबे उघडे ठेवून बसलेली ती भली माणसं त्यांना बहुतेक दिसत असावीत.

मग मुलगी बघायच्या थाटात निवड सुरू झाली. मला खरं तर पहिलाच फळा चालला असता, मला सुटायचं होतं. पण त्यानं खातं उघडायला सांगितलं. "उस्मान तिकडं पासवर्ड आठवत बसणार व्हय?" दुसऱ्यानं मामांची वेलांटी न विचारता गुळगुळीत केली, तेव्हा त्याचं नाव घरात काढायची बंदी झाली. तिसऱ्यावर त्यांनी 'श्री'ची रेघ काढली, माझ्याकडून निळा भरून घेतला आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसले. "आता काय, मामा?" "वाळू दे की." तेवढ्यात नेट गेलं, आणि परत आलं तेव्हा फळा कोरा. "ओलाच हुता त्यो," मामा हळहळले.

चौथा साधा निघाला. दुवा पाठवला की दार उघडं, रेघ काढली तशीच राहायची आणि चित्र जपलं जायचं. तरुणपणी दोघांनी मिळून केलेली पहिली पाटी सायकलच्या दुकानाची होती. मामांनी तीच पोकळ, भरदार अक्षरं आता फळ्यावर काढली. तिकडं मुलानं चाचांपुढं टॅब ठेवला आणि फोन चालू ठेवला. चाचांच्या नावाचा बाण फळ्याच्या कोपऱ्यात आला आणि तिथंच थांबला. मी काही बोलणार, तर मामांनी माझा हात दाबला. बऱ्याच वेळानं डाव्या हाताचा पिवळा रंग थरथरत उमटला आणि 'स'च्या बाहेर पार सांडला.

"भाईर गेला की रं," फोनवर चाचांचा आवाज आला.

केसभर रंग बाहेर गेला तर ब्रश फेकून मारणारे हे मामा. त्यांनी आपलीच रेघ पुसली आणि रंग जिथवर पोचला होता तिथून नवी काढली.

"कुठं गेलाय भाईर? नीट बघ की."

तिकडं चाचा हसले. मला त्या दोघांचा फार हेवा वाटला. माझ्यासाठी आपली रेघ हलवेल असं कोण आहे, ते काही केल्या मला आठवेना.