न चाळलेली माती

आखाड्यातील माझ्या जोडीदाराचा गुडघा माझ्या आळसामुळे निकामी झाला, ही गोष्ट मी तीस वर्षे लपवून ठेवली. चिखलीच्या आमच्या आखाड्यात त्या सकाळी माती चाळण्याची पाळी माझी होती. मी नुसते वरवर फावडे फिरवले. सराव करताना त्याचा गुडघा मातीतल्या खापरावर आपटला. ते खापर मी पायाखाली दडवले.

"काऊन बे, असा कसा पडला?" वस्तादांनी विचारले.

"मारुतीच्या पाया न पडता उतरला तो," मी म्हणालो.

"पाया पडलो असंन ना... मलेच आठवत नाही," जोडीदार कण्हत पुटपुटला.

"देवाले इसरला, तं भोग आता!" वस्ताद म्हणाले.

जखमी मल्लाच्या घरी रोज दोघांनी जाऊन तेल चोळावे, ही आमची रीत. पण ही देवाचीच शिक्षा म्हणून त्याच्याकडे कोणी गेले नाही, मीही नाही. गुडघा आखडला, आणि त्याहून अधिक त्याचे मन. पुढे दर शनिवारी तो आखाड्यातल्या मारुतीसाठी तेल आणी, पण बाहेरच्या पायरीवरच ठेवून परते. आत येण्याची आपली लायकी नाही, असे त्याने स्वतःशी ठरवून टाकले होते. मी मात्र आत बसून तरुण मल्लांना श्रद्धेचे महत्त्व सांगत राहिलो.

गेल्या शनिवारी मी त्या पायरीवर जाऊन त्याचा हात धरला आणि आतल्या सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो, "तू पाया पडला होता. म्या पाह्यलं होतं. खापर माह्या आळसानं राह्यलं, अन् म्या तुह्या देवालेच तुह्यावर उठवलं. मले माफ कर, भाऊ."