पिवळ्या रंगाचा स्क्रू

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. बहिणीला तर मी भाजी करपली तरी फोन करते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आबांना ओळखत नव्हता. ओळखत असतात, तर माझी हिंमत झाली नसती.

आबा म्हणजे माझे सासरे. तळवलीत, ठाणे-बेलापूर रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, घराच्या तळमजल्यावर त्यांचं दुचाकीचं गॅरेज. ऐरोलीतलं माझं ऑफिस बंद पडलं, नवरा कंपनीत शिफ्टला, आणि नुसतं बसणं मला जमत नाही. म्हणून मी खाली फोन घ्यायला बसले आणि वर्षभरात पाने हातात घेतले. गल्लीत लोक हसले. आबा म्हणाले, "हसूदे. भाकर थापतात ते हात नट नाय कसनार?" विषय संपला.

इंजिन कसं ऐकायचं, ते त्यांनी शिकवलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. गिऱ्हाईक चेष्टा करायचं, "काय आबा, डॉक्टर झालात?" आबा डोळे न उघडता म्हणायचे, "फी नाय घेत. चा पाज."

मग बीएस-सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या, गाड्या आल्या. कार्ब्युरेटर गेला, पेट्रोल किती सोडायचं ते सेन्सर आणि छोटा कॉम्प्युटर ठरवायला लागले. ठाण्याला जाऊन मी त्याचा कोर्स केला आणि गाडीचा बिघाड वाचणारा स्कॅनर घेतला. या गाड्यांत, हवा आत जाते तिथे, एक स्क्रू असतो. कारखान्यातून बसवूनच येतो. हलला तर कळावं म्हणून त्यावर पिवळा रंग. ती जागा म्हणजे कॉम्प्युटरचा शून्य. ती हलली की त्याचा सगळा हिशोब चुकतो. आबांच्या हाताला मात्र चाळीस वर्षांची सवय — इंजिन चालू ठेवून गाडी नीट उभी राहत नाही? फिरव स्क्रू. म्हणून मी मोठ्या अक्षरांत कागद लिहून भिंतीला चिकटवला: 'पिवळ्या रंगाच्या स्क्रूला हात लावू नये.' कोणासाठी, ते लिहायची गरज नव्हती. आबांनी तो मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "हेडमास्तरीन आली."

आमचं बरं चाललं होतं, हे तुम्हाला समजावं म्हणून एवढं सांगितलं.

निखिल नावाचा ऐरोलीचा एक मुलगा, सॉफ्टवेअरमधला, मुलुंडच्या पुलावरून रोज गाडी न्यायचा. त्याच्या गाडीचं एकच रडगाणं — सिग्नलला उभी असताना रेस आपोआप वर जायची, खाली यायची, पुन्हा वर, आणि मग बंद. पुलाच्या मध्यावर, वेग कमी केलेला आणि मागून टेम्पो येत असताना, ती अशी दोनदा बंद पडली होती. घाबरला होता बिचारा. स्कॅनर लावला, फॉल्ट एकही नाही. थ्रॉटल बॉडी साफ केली, प्लग बदलला, इंजेक्टर धुतला. गाडी तशीच.

आबांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. म्हणाले, "हवा खाते गो ती. रबर बघ." इंजिनाला हवेची नळी जोडणारं रबर. मी ते वरवर चाचपलं; तडा दिसला नाही. आणि खरं सांगू? स्कॅनरला जे कळलं नाही ते कानाला कळावं, हे मला नको होतं.

दुपारी आबा वर जेवायला गेले. निखिलचा तिसरा फोन येऊन गेला होता. बंद पडते म्हणजे रेस कमी आहे, थोडी वाढवली तर आज तरी घेऊन जाईल — मी खरंच असा विचार केला, कोर्स केलेल्या बाईने. भिंतीवरच्या त्या कागदाकडे पाठ करून मी पिवळा रंग फोडला आणि स्क्रू अर्धा आटा फिरवला. गाडी बिघडली ती बिघडलीच. आधी रेस वर-खाली व्हायची, आता बोंबलायला लागली. मी परत फिरवला. मूळ जागा काही सापडेना.

आबा जेवून आले. मी दुसऱ्या गाडीचं ऑइल बदलायला बसले होते.

दुसऱ्या दिवशी कोर्सच्या सरांना बोलावलं; निखिलही गाडी न्यायला आला होता. त्यांनी वाकून बघितलं आणि सरळ झाले. "हा स्क्रू कोणी फिरवला?" विचारलं मला आणि आबांना, दोघांनाही, पण नजर गेली आबांकडे — आबांच्या वरच्या खिशात अडकवलेल्या स्क्रूड्रायव्हरकडे. आणि मी म्हणाले —

हे वाक्य मी हजार वेळा आठवलंय, त्यामुळे जसंच्या तसं सांगू शकते. मी म्हणाले, "आमच्या आबांना कार्ब्युरेटरची सवय आहे, सर."

यातला एकेक शब्द खरा आहे. म्हणूनच ते मला इतकं सहज जमलं असेल का? सर हसले. निखिलही हसला, प्रेमानेच. आबांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

सरांनी लॅपटॉप लावून स्क्रू जागेवर आणला. तरी रेस थोडी वर-खाली होतच होती. मग त्यांनी रबर काढून पिळून बघितलं. आतल्या बाजूने केसाएवढा तडा. नवं रबर बसवलं आणि गाडी अशी शांत उभी राहिली की निखिलने टाळी वाजवली. आबा आदल्या दिवशी नेमकं हेच म्हणाले होते. ते कोणाला आठवलं? मला. मी तेही बोलले नाही.

संध्याकाळी शटर ओढताना आबा म्हणाले, "मना आठवत नाय गो, सुमन. माजाच हात गेला आसंल सवयीनं. पन आठवत कसा नाय?"

ऐकताय ना? 'मी फिरवला नाही' असं ते म्हणाले नाहीत. सुनेने सांगितलं म्हणजे फिरवला असणार, एवढा विश्वास. ते रागावतील, भांडतील, मग मी कबूल करेन, असं मी मनात धरून ठेवलं होतं. भांडण झालंच नाही. त्यांना स्क्रूचं दुःख नव्हतं. आपण काहीतरी केलं आणि ते आपल्या डोक्यातून पुसलं गेलं, याची भीती बसली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शर्टाच्या खिशात मावेल अशी छोटी वही आणली. बीपीची गोळी घेतली की लिहायचे. चावी खिळ्याला लावली की लिहायचे. कोणाच्या गाडीचा कुठला नट कसला, तेही. मी बाजूला असले की विचारायचे, "बरोबर ना?" मी म्हणायचे, "बरोबर, आबा."

महिन्याभरात त्यांनी आपल्या स्कूटरची चावी माझ्या हातात ठेवली. रोज सकाळी ते तिच्यावरून खाडीवर जाऊन निवट्या, चिखलातले ते मासे, घेऊन यायचे. धक्क्यावरच्या बायकांशी भांडून भाव पाडायचे आणि ते भांडण घरी येऊन नकलेसकट ऐकवायचे. ते बंद झालं. "रस्ता इसरलो तर?" म्हणाले. ज्या रस्त्याने ते पोरवयापासून गेले होते, तो रस्ता.

मग घणसोलीला डॉक्टरांकडे नेलं. मीच नेलं — हे काळजीचं काम मी अगदी चोख करत होते. डॉक्टर बाईंनी विचारलं, कधीपासून होतंय? आबांनी स्क्रूची गोष्ट सांगितली, तारीख-वारासकट, निखिलच्या गाडीच्या नंबरासकट. बाई माझ्याकडे वळल्या. "तुमच्या लक्षात आलं होतं का?"

दार बंद होतं. खोलीत तिघंच होतो. हसणारं कोणी नव्हतं, सर नव्हते, गिऱ्हाईक नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणाले, "हो. तेव्हाच आलं."

गॅरेजातलं वाक्य मी घाईत बोलले, असं एखाद वेळी म्हणता येईल. हे नाही. हे मी खुर्चीवर बसून, विचार करून बोलले. बाहेर आल्यावर आबांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "तू हायस म्हनून बरं." मी त्यांना उसाचा रस पाजला. अर्धा ग्लास त्यांनी नेहमीप्रमाणे माझ्याकडे सरकवला.

त्यानंतर ते चार वर्षं होते. रोज खाली येऊन खुर्चीवर बसायचे, टायरमध्ये हवा भरायचे, गिऱ्हाइकांच्या मुलांची नावं, त्या मुलांच्या इयत्ता विचारायचे. इंजिनाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. मी अडले की लांबून म्हणायचे, "मी नाय सांगत, माजं काय खरं हाय आता?" आणि मग हळूच सांगायचे. ते नेहमी बरोबर असायचं. गेल्या पावसाळ्यात न्यूमोनियाने गेले. शेवटच्या आठवड्यात, ऑक्सिजन लावलेला असताना, त्यांनी नर्सला तिच्या स्कूटरचा आवाज खिडकीतून ऐकून चेन सैल असल्याचं सांगितलं. ती होतीही सैल. त्यांच्या डोक्याला शेवटपर्यंत काही झालं नव्हतं. हे घरात फक्त मला माहीत होतं.

वह्या पान्यांच्या खणात आहेत. सात. त्या मी आता सगळ्या वाचल्या. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर पहिलीच ओळ आहे, जाड पेनाने, शाळेतल्यासारखी शुद्ध लिहिलेली: 'पिवळा स्क्रू मी फिरवला. मला आठवत नाही. सुमनने सांगितले.'

खाली गोळ्या, चाव्या, नट, हवा, कोण आलं, कोण गेलं. सातही वह्यांत एवढी एकच ओळ चुकीची आहे. बाकीच्या मी तपासल्या. सगळ्या बरोबर आहेत.