कॅसेट उलटताना राहिलेल्या ओळी

डेअरीतला प्रकाश मोटरसायकलवरून दारात आला, तेव्हा मी माझ्या धाकट्या भावावर, नामावर, चिडलेलीच होते. सकाळी एमआयडीसीत कामाला जाता जाता तो माझ्या दारात थांबला होता. चपलासुद्धा न काढता म्हणाला, "अक्का, शालनला जाऊन सांग, कॉम्प्युटर बंद करू नको म्हणावं. आबांची ओवी एमपीथ्री व्हायला लावलीय, दुपारपर्यंत चालंल." मी म्हणाले, "मला दुसरे उद्योग न्हाईत का रं?" तो हसला आणि गाडीला किक मारून गेला. आमच्यातलं शेवटचं बोलणं हेच. प्रकाश दारातूनच म्हणाला, "ताई, नामदेव मशिनपाशी काम करता करता खाली बसला... उठलाच नाही." छातीत कळ आली म्हणे. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती हो त्यानं! त्याला घरी आणलं तेव्हा कोपऱ्यात कॉम्प्युटर चालूच होता. काम पुरं झाल्याचं पडद्यावर दिसत होतं आणि त्याला हात लावायची कुणाची छाती होईना. संध्याकाळी लाइट गेली, तेव्हा तो आपोआप बंद पडला.

नामा स्वच्छतेचा वेडा होता. डेअरीत दुधाच्या टाक्या धुवून घ्यायचं काम त्याच्याकडं, तीच खोड घरी. शालन, त्याची बायको, म्हणायची, "ह्यांना भांडी घासायला दिली तर संध्याकाळपर्यंत एकच पातेलं घासत बसतील." तो जुना कॉम्प्युटर त्यानं पुण्याहून एसटीनं आणला, तोही आबांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, घोंगडीत गुंडाळून. अख्खी गल्ली बघायला लोटली. मग अंथुर्ण्यातून, आमच्या गावाकडून, जो तो घरातल्या कॅसेटी आणून द्यायला लागला. जत्रेतल्या ओव्या, गजनृत्याचे ढोल, कुणाच्या तरी लग्नातली गाणी. टेपरेकॉर्डरखाली तीच घोंगडी घालायची, वायर कॉम्प्युटरला जोडायची आणि सगळी कॅसेट बसून ऐकायची. कॉम्प्युटरमध्ये जागा ती केवढीशी, चार गाणी घेतली की भरली. म्हणून एकेक गाणं एमपीथ्री करून लहान करायचं आणि मोठं पुसून टाकायचं. त्याआधी साफसफाई. टेपची खरखर काढ, कुणाचा खोकला काप, कुत्रं भुंकलं तर तेवढं उडव. मी म्हणायची, "अरं बाबा, जत्रा हाय, कुत्रं भुंकणारच की!" त्यावर ठरलेलं उत्तर, "अक्का, करायचं तर नीट करायचं."

पण हे सगळं एका कॅसेटसाठी होतं. आमचे आबा बिरोबाची ओवी गायचे. मेंढरं केव्हाच विकली होती, ऊस लावला होता, पण जत्रेला आबा उभे राहिले की म्हातारीकोतारीसुद्धा मांडी घालून बसायची. त्यांच्या शेवटच्या जत्रेत टेपरेकॉर्डर नामाच्या ताब्यात होता. तेव्हा ऐन विशीतला, मिशी फुटलेला गडी. पलीकडं कुस्त्या लागल्या आणि हा गेला बघायला. इकडं कॅसेटची एक बाजू संपली, टेप खट्कन बंद पडला. हा धावत आला, कॅसेट उलटली, पण आबा पुढं निघून गेले होते. पुढच्या जत्रेला आबाच नव्हते. त्या कॅसेटमध्ये एका बाजूला देव मेंढरं घेऊन भरल्या ओढ्याच्या काठी येतो, आणि दुसऱ्या बाजूला एकदम देवळात बसलेला असतो. ओढा ओलांडायच्या ओळीच नाहीत. आईनं ती कॅसेट पुन्हा ऐकली नाही. "देवाला वड्याच्या काठाला उभं करून ठिवलंय त्यानं. मी कशी ऐकू?" एवढं एकदाच म्हणाली. नामानं ते आयुष्यभर मनात धरलं. नवऱ्याचा आवाज घरात असून आईला तो ऐकता येत नाही, हे त्याला खात होतं. माझ्यापाशी बोलून दाखवलं नाही, पण बहीण आहे मी, मला काय कळत नव्हतं का!

आबांच्या मागं ओळ धरायला तात्या असायचे. आता पार वाकलेत, पण ओवी तोंडपाठ. नामा एका रविवारी त्यांना अंथुर्ण्याहून बारामतीला घेऊन आला. मीही गेले बघायला. तात्या कॉम्प्युटरपुढं बसले, पटका सारखा केला आणि म्हणाले, "देवाचं गाणं हाय, आदी भंडारा." आम्ही नको म्हणायच्या आत त्यांनी चिमूटभर हळद पडद्याला लावली आणि उरलेली मूठ उधळली ती थेट कीबोर्डवर! त्या मशिनवर धुळीचा कण बसू न देणारा नामा... त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.  मग तात्यांनी दुसरी गोष्ट काढली. "मी जलमभर मागंच धरलंय. आज म्होरं म्हणतो, पर माज्या मागं कोण?"

"तात्या, एकट्यानंच म्हणा की," नामा म्हणाला.

"एकट्यानं ओवी व्हत न्हाय. तू धर."

शाळेतली प्रार्थना सोडली तर नामा कधी गायला नव्हता. कान लाल झाले त्याचे. पण त्यानं धरलं. तात्यांची ओळ संपली की त्याची सुरू व्हायची, आणि काय सांगू, आवाज नुसता फाटत होता. शालन पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. मी हसू दाबत बसले, आणि मग एकाएकी हसू गेलं. तो डोळे मिटून, गळ्याच्या शिरा ताणून गात होता, आणि ओढ्यातून एकेक मेंढरू पलीकडं जात होतं.

दोन बाजूंच्या मध्ये तो तुकडा त्यानं इतका बेमालूम बसवला की ढोलाचा ठेकासुद्धा चुकला नाही. आपला आवाज तेवढा त्याला सोसवेना. "तात्यांना परत आणतो अक्का, आणि मागं धरायला गळा असलेला कोणतरी बघतो. मग आईला ऐकवू. तवर हीच एमपीथ्री करून ठेवतो." सकाळी लावून गेला ती हीच.

परवा आई आली. नामा गेल्यापासून तिनं गाव सोडलं नव्हतं. आम्ही प्रकाशला बोलावलं, त्यालाच ते मशीन कळतं. कीबोर्डच्या फटीत अजून हळद आहे, शालननं ती पुसली नाही. आबांचा आवाज सुरू झाला तसा आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला, आबा घरात आले की घ्यायची तसा. देव ओढ्याच्या काठी आला. मग तात्यांची ओळ, आणि तिच्यामागून तो फाटका आवाज. आई माझ्याकडं बघायला लागली.

"कोण गं ह्यो?"

"नामा हाय, आई."

 ओवी संपली, देव देवळात बसला. प्रकाश भला माणूस, हळूच म्हणाला, "मावशी, मधला तुकडा नामदेवलाही बदलायचा होता. मी चांगल्या गळ्याच्या माणसाकडून करून आणतो."

"कुणी हात लावायचा न्हाय त्येला," आई म्हणाली. "देवाला त्यानंच आणलंय पल्याड. तेवढंच परत लाव."

प्रकाशनं लावलं. नामाचा आवाज आला तशी आई उठली, स्पीकरवरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. नामा लहानपणी न्हाऊन आला की ती अशीच त्याची दृष्ट काढायची.